६३ मुले, २ शौचालये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला ‘टाळे ठोकाच!’ हा आळंदीतल्या वारकरी शिक्षणाच्या मुलांच्या वसतिगृहांवरचा अग्रलेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना चहा निवला, दुसऱ्यांदा डोके तापले. म्हणून एक दिवस जाऊ दिला आणि आज लिहिते आहे.

‘महिला व बालविकास खाते झोपले होते’ असे आपण लिहिता. त्या खात्यात मी ३१ वर्षे काढली, त्यातली शेवटची बरीच परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून. झोपायला निदान अंथरूण तरी लागते हो. आम्ही गाडी मागितली की ‘एसटीने जा’ हे उत्तर ठरलेले. असो, पेन्शन मिळते आहे, तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘टाळे’ या शब्दाची. २०१८च्या डिसेंबरात इंद्रायणीकाठच्या अशाच एका संस्थेत मी तपासणीला गेले होते. नाव लिहीत नाही. पाटी तेव्हाची आता राहिलेलीही नाही. भाड्याचा पहिला मजला, वर पत्रा. हरिपाठ चालू होता म्हणून पाऊण तास बसून राहिले. मुले इतके गोड म्हणत होती की मीही टाळ्या वाजवल्या, खोटे कशाला बोलू? मग शाल, श्रीफळ, पेढा. हजेरीपट मागितला तेव्हा मात्र ‘तो गावी राहिला’. शेवटी मी मुलांना रांगेत बसवून स्वतःच मोजले. ६३ भरली. शौचालये २. नियम सांगतो ७ मुलांमागे १, म्हणजे ९ हवीत. झोपण्याची जागा नियमाने माणशी ४० चौरस फूट. तिथे मुले सतरंजीवर एकमेकांच्या कुशीत झोपत आणि त्यामुळे एकाची खरूज सगळ्यांना.

त्यातला एक बीडकडचा, असेल ११ वर्षांचा. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेले, दसऱ्यानंतर जे जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्याच्या बोटांच्या बेचक्या पिकल्या होत्या आणि त्याच हातांनी त्याला रोज मृदंग वाजवायचा. थापेगणिक डोळ्यांत पाणी. मी औषधाचे विचारले तर ‘अंगारा लावतोय ना, ताई’ असे महाराज हसून म्हणाले. मलमाची ट्यूब मीच समोरच्या दुकानातून आणली. त्या पोराला वाटले मी त्याला न्यायला आले आहे. जिन्यात गाठून म्हणाला, “बाई, हे बंद करू नका. आजी मेली. मी कुठं जाऊ?”

आपल्या अग्रलेखात या प्रश्नाला एक ओळसुद्धा नाही.

मी अहवाल लिहिला, सगळे आकडे घालून. बालन्याय कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी नाही, कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान लाखभर दंड, सगळे. चार महिन्यांनी उत्तर आले की संस्था धार्मिक शिक्षण देते, मुले पालकांनी स्वखुशीने ठेवली आहेत, सबब ती ‘विद्यार्थी’ असून हे बालगृह नाही. गंमत पाहा. तेच पोर उद्या पुणे स्टेशनवर सापडले तर ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’, त्याला बालकल्याण समितीपुढे उभे करायचे, त्याची फाईल, त्याचा समाजतपासणी अहवाल. आणि गळ्यात माळ, कपाळाला बुक्का लावून पत्र्याखाली झोपले की विद्यार्थी. विद्यार्थी म्हटले की आमच्या खात्याचा संबंध संपला आणि शिक्षण खात्याचा सुरू झाला नाही. बेवारस म्हणतात ते याला. त्या संस्थेने पुढे काय केले? गल्ली बदलली, नवी पाटी लावली. मुलगा त्या पाटीखाली दिसला नाही.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षणाच्या परंपरेचा दाखला देऊन जो तो आपल्या खोलीभर गुरुकुलाचे समर्थन करतो, त्यांना एवढेच सांगते की नोंदणी केल्याने अभंग बाटत नाही.

त्याच पानावर एका वाचकबंधूंचे पत्र आहे, ‘आधी मिशनऱ्यांच्या आणि मदरशांच्या संस्था तपासा’. तपासल्या, साहेब. तिन्हीकडे मी गेले आहे. एकीकडे केक मिळाला, एकीकडे शिरखुर्मा, एकीकडे बुंदी. ‘गावी राहिलेला’ हजेरीपट तिन्हीकडे सारखा. नन्सच्या एका घरात औषधांचे कपाट इतके नेटके पाहिले की वाटले आमच्या सरकारी निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना इथे आठवडाभर ठेवावे. आणि दुसऱ्या एका ठिकाणी मुलींची आलेली पत्रे फोडून वाचत होते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवा-मुलींच्या वसतिगृहशाळेवरून, १८९३ साली पुण्यात अख्खे गाव भांडले, केसरीने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. भांडण मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात याचे होते. आजही प्रार्थनेचेच आहे. खरजेवर कुणी अग्रलेख लिहीत नाही.

टाळे ठोकायला पोलीस पाटीलही पुरतो. त्याआधी प्रत्येक खोलीत जाऊन मुले मोजायला हवीत, कोणाचे आईबाप आहेत, कोणाचे कारखान्यावर आहेत, कोणाचे नाहीतच, हे लिहून घ्यायला हवे. गावाकडे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असेल तर ते गाड्या सुटायच्या आधी उघडले पाहिजे. माझ्या अनुभवात मंजुरी यायची तोवर निम्मा हंगाम सरलेला असे. बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये मावशीच्या, काकूच्या हातात वेळेवर पडले तर बरीच पोरे आळंदीला येणारच नाहीत. ते पैसे कधी पडतात हे आपल्या वार्ताहराने एखाद्या तालुक्याला जाऊन विचारावे. एसटीने.

आता राहता राहिले आपले छायाचित्र. अग्रलेखाच्या शेजारी चार मुलांचा फोटो आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे झाले असे आपल्याला वाटत असावे. पण मागे संस्थेची पाटी स्वच्छ वाचता येते, आणि एका मुलाच्या हनुवटीवरची खूण तर मलाही लक्षात राहिली, त्याच्या गावात कुणाला कळणार नाही? मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारे बालन्याय कायद्याचे कलम ७४ आपल्यालाही लागू आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खाते झोपले होते हे खरे धरू, मग आपला छायाचित्र विभाग काय करत होता? रविवारीच दुपारी मी कार्यालयात फोन केला. ‘सोमवारी करा’ म्हणाले. सोमवारी केला तर ‘संबंधित रजेवर आहेत’. मला क्षणभर माझ्याच जुन्या कार्यालयात फोन लागला असे वाटले.

आज सकाळी नऊ वाजता ई-पेपर उघडून पाहिला. फोटो अजून तिथेच आहे.

आपली,
एक निवृत्त परिविक्षा अधिकारी, चिंचवड