धुऱ्याची मोजणी

घाटंजी, रविवार रात्र

प्रिय गजा,

चार महिने फोन नाही, चूक माझीच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

मंगळवारी आमच्या दोघा भावांच्या वावरांमधल्या धुऱ्याची मोजणी आहे. अर्ज दादानं केला बे, मी नाही! दादा दरसाल नांगराचं एक तास माझ्याकडं सरकते म्हणून गावभर बोंबलत मी होतो, आणि पैसे भरून आला तो.

काल पोरीनं विचारलं, प्लूटोला ग्रहांतून काढलं कशापायी? मला २००६ चा पानठेला आठवला. नवाचे आठ करणारे हे कोण, म्हणून तू माझ्याशी चार दिवस बोलला नव्हतास. जसं काही मीच प्रागला खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत जाऊन मत देऊन आलो! तिला सांगितलं, खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राउनच्या चमूला २००५ मध्ये एरिस नावाचा गोळा सापडला. सूर्याभोवती त्याची एक फेरी साडेपाचशेच्या वर वर्षांची. तो प्लूटोहून मोठा वाटला. मग याला दहावा म्हणा, नाहीतर प्लूटोलाही उतरवा. शेवटी ठरलं, ज्यानं आपल्या कक्षेचा शेजार साफ केला नाही तो बटुग्रह. आपल्या भाषेत, ज्याचा धुरा साफ नाही तो. आणि एरिस म्हणजे ग्रीकांची भांडणाची देवी. आमची कुलदेवताच समज.

पुढं २०१० मध्ये एरिस एका ताऱ्याच्या आड आला. तारा किती सेकंद झाकला, त्यावरून माप निघालं: व्यास २३२६ किलोमीटर. २०१५ मध्ये यान प्लूटोजवळून गेलं, तो भरला २३७७. वजनात एरिस भारी, पण ज्याच्या मोठेपणावरून एवढं रामायण झालं, तो मापात लहान निघाला.

हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली. दादा नागपूरला दवाखान्यात होता तो मे महिना आठवते? ट्रॅक्टरवर तू होतास. मी हातात पऱ्हाटी घेऊन पुढं, ‘अजून थोडं पलीकडं’ म्हणत. तू थांबून पाहिलंस, मी म्हटलं, चल बे, डिझेल जळते. बाबांनी रोवलेला दगड नांगराला आडवा येत होता, तो आपण दोघांनी उचलून कडुनिंबाखाली नेला. अजून तिथंच आहे. दादा त्यावर बसून डबा खाते.

तेव्हापासून तो सरकते की मी सरकलेला आहे, मलाच सांगता येत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, नातवाचे पेढे बाकी आहेत.

सोमवारी रात्रीपर्यंत ये. दगड आधी नाल्यापासून किती पावलांवर होता, तुला आठवते का? आणि दादानं तुला विचारलंच, तर काय सांगशील ते आधी मला सांग.

तुझा,
पंढरी