रांगडेपणाच्या नावाखाली काहीही चालतंय व्हय?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

आपल्या गावात कुणाला जरा नीट बोल म्हटलं की उत्तर ठरलेलं, आम्ही कोल्हापूरकर रांगडे, आमच्यात ती जंटलमनगिरी नसते. म्हणजे सिग्नलला मागनं हॉर्न कोकलत ठेवायचा, हॉटेलात वेटरला 'ए' करून बोलवायचं, केएमटीत कंडक्टरनं सुट्टे मागितले की त्याचा बाप काढायचा, आणि वर हे म्हणे रांगडेपण! अहो हा निव्वळ उद्धटपणा झाला.

खरा रांगडा गडी तालमीत बघा. कान मोडलेले, मान बैलासारखी, पण वस्ताद दिसला की वाकणार आणि बाहेर कुणाच्या अंगावर जाणार नाही. परवा गंगावेशीत दूध कट्ट्यावर असलाच एक पैलवान उभा होता, तेवढ्यात कडक इस्त्रीतले एक साहेब गाडी तशीच रस्त्यात लावून आले आणि ग्लास मिळायला उशीर झाला म्हणून दूधवाल्याच्या पोराला नाय नाय ते बोलायला लागले. पैलवानानं आपल्या हातातला फेसाळ ग्लास पुढं केला, "घ्या दादा, तुमास्नी घाई दिसतीया." साहेब गप्पच झाले. (दूध मात्र प्यायले, ते काय सोडलं नाही.)

आणि शाहू महाराजांपेक्षा रांगडा कोण होता सांगा? कुस्तीचा एवढा नाद की खासबाग मैदान बांधलं. 1902 ला मागासलेल्या समाजासाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढणारा राजा, पण गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा महाराज हुकूम सोडून बसले नाहीत, स्वतः भाऊसिंगजी रोडला गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे, सोबतच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. आता राजासमोर नाही कोण म्हणतंय! चारचौघात दुसऱ्याचा मान राखायला आपला मान असा खर्चावा लागतो, नुसतं प्लीज थँक्यू म्हणणं लई सोपं हाय.

असली माणसं आजबी हायत, नाहीत असं नाही. 2019 च्या महापुरात हायवेवर ट्रक अडकले तेव्हा परराज्यातल्या ड्रायव्हरांना जेवण नेऊन देणारे आपलेच लोक होते. मग पाणी ओसरल्यावर त्याच ड्रायव्हरला ओव्हरटेकवरनं शिव्या कशाला?

तुमच्या पेपरात फ्लेक्सवरच्या भावी नेत्यांना भरपूर जागा असते, त्यातला एखादा कोपरा जुन्या वस्तादांच्या मुलाखतींना द्या की.

– आपला एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर