वर्गातील प्रशिक्षण ऑनलाइन नेण्यास साहाय्य करणाऱ्या मार्गदर्शकांस

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

नव्या पर्यवेक्षकांसाठीचा आमचा समोरासमोरचा वर्ग ऑनलाइन अभ्यासक्रमात आणण्याच्या कामी आपण केलेल्या साहाय्याबद्दल, सर्व प्रशिक्षकांच्या वतीने मी हे जाहीर पत्र लिहीत आहे.

व्याख्यानांचे चित्रीकरण करून ते अपलोड करणे हा सर्वांत झटपट मार्ग होता. तो बाजूला ठेवून, प्रशिक्षण संपल्यावर प्रशिक्षणार्थींना नेमके काय करता आले पाहिजे, हे आपण प्रथम विचारलेत आणि त्या उत्तरावरून आधी मूल्यमापन, मग सराव आणि शेवटी आशय ठरवलात. नियम व नमुने ज्याने त्याने सवडीने अभ्यासावेत आणि थेट सत्राचा वेळ केवळ चर्चेला व सरावाला मिळावा, ही विभागणीही आपलीच. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओंच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांच्या २०१४ मधील विश्लेषणात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक कालावधी फार तर सहा मिनिटे भरला होता. त्यामुळे लहान व्हिडिओंचा आपला आग्रह आम्हांला लगेच पटला.

आमची खरी चिंता निराळी होती. वर्गात एखाद्याच्या कपाळावरची आठी पाहून प्रशिक्षक थांबतो, उदाहरण बदलतो. कॅमेरे बंद असताना ती आठी दिसणार कशी? यासाठी आपण अनुभवी प्रशिक्षकांकडून, शिकणारे नेहमी कुठे अडखळतात हे खोदून खोदून विचारून घेतलेत आणि त्यांतूनच प्रश्नांचे चुकीचे पर्याय घडवलेत. आता कोणी कोणता पर्याय निवडला यावरून गैरसमज कोणता आहे हे कळते, त्याला तिथेच समजावणी मिळते आणि प्रशिक्षक ती उत्तरे पाहूनच थेट सत्राला येतो. माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण वर्गात मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्यांची अडचण आम्हांला पूर्वी इतकी स्पष्ट दिसत नव्हती.

अवघड संभाषणांचा सराव तिघांच्या गटात, तिसऱ्याने निरीक्षणसूची भरायची, अशा रीतीने उत्तम चालतो. मधल्या सुटीतील ओळखीपाळखींची उणीव मात्र अजून भासते. व्हिडिओंची उपशीर्षके (सबटायटल्स) आणि कमी वेगाच्या इंटरनेटवरही उघडणारी टिपणे आपण आरंभापासूनच अनिवार्य ठरवलीत, याबद्दल अनेक प्रशिक्षणार्थींनी आवर्जून आभार कळवले आहेत. ते आपल्यापर्यंत पोहोचवणे माझे कर्तव्य आहे.

आपण दिलेल्या आराखड्यावरून पुढील विभाग आता आमचे प्रशिक्षक स्वतः तयार करीत आहेत. तो आपल्या नजरेखालून जावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
प्रशिक्षण समन्वयक