दोष कळवण्यासाठी खात्याची सक्ती नको

महोदय,

संगणकावर मराठी नीट उमटावी यासाठी झटणाऱ्या प्रकल्पांपैकी बरेचसे ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आणि गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट त्यांतलेच. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ अशा शब्दांतला अर्धा र, मराठी वळणाचे ल आणि श किंवा एखादे अवघड जोडाक्षर यांत काही बिघडले, तर ते प्रोग्रामरच्या आधी मुद्रितशोधकाच्या किंवा शिक्षकाच्या नजरेस येते. असा दोष नोंदवण्याची जागा मात्र बहुधा गिटहब या, अशा प्रकल्पांचे काम जेथे चालते त्या संकेतस्थळावर असते आणि तेथे खाते काढल्याशिवाय एक ओळही लिहिता येत नाही. इंग्रजीतल्या अटी मान्य करायच्या, पासवर्ड ठरवायचा, ईमेलची पडताळणी करायची, आणि हे सारे एका जोडाक्षरासाठी! एवढा खटाटोप न करता कोणी माघारी फिरले, तर त्याला दोष देता येणार नाही. नुकसान होते ते सॉफ्टवेअरचे.

खाते नसेल तर निरर्थक मजकुराचा पूर येईल, ही सॉफ्टवेअर विकासकांची भीती खरी आहे आणि त्यांतले बहुतेक जण बिनपगारी, फावल्या वेळात काम करतात, हेही विसरता येणार नाही. परंतु खात्यामुळे तो पूर अडतो का? इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या ‘कर्ल’ या ओपन सोर्स प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयकडून लिहून घेतलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींविषयी अनेकदा जाहीर संताप व्यक्त केला आहे आणि त्या तक्रारी ‘हॅकरवन’ या, सुरक्षा-दोष दाखवणाऱ्यांना बक्षिसे मिळवून देणाऱ्या आणि खाते आवश्यक असलेल्या सेवेतूनच येत होत्या. बक्षिसाच्या आशेने येणारा माणूस खुशाल खाते काढतो. अडतो तो निःस्वार्थपणे चूक दाखवणारा.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या ओपन सोर्स संगणकप्रणालीच्या प्रकल्पात आजही कोणीही साध्या ईमेलने दोष नोंदवू शकतो. त्या ईमेलला क्रमांक मिळतो, पुढचा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाखाली चालतो आणि ‘रिपोर्टबग’ हे साधन वापरले तर सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची माहितीही आपोआप जोडली जाते. या पद्धतीत पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता सर्वांना दिसतो, ही उणीव मला गंभीर वाटते. तीही टाळता येण्याजोगी आहे: गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेच्या ‘सर्व्हिस डेस्क’ सुविधेत ईमेलने आलेली तक्रार आरंभी फक्त प्रकल्पातल्या लोकांनाच दिसते.

म्हणून भारतीय भाषांसाठी ओपन सोर्स काम करणाऱ्या संस्थांना, विशेषतः सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थांना, माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी खात्याच्या मार्गाबरोबरच दोष कळवण्यासाठी एक ईमेल पत्ता ठळकपणे द्यावा आणि मराठीत लिहिलेली तक्रारही स्वीकारावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली