टायरवाल्या काकांना, चष्म्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. "माझं नाव कशाला, टायर बरे लागले तर टायरचं सांगा," असं तुम्हीच बजावलंत. पण टायरचं सांगायला बसले की चष्म्याचं येतंच.

जुलैतला तो रविवार. कोल्हापूरला आईला भेटून आम्ही दोघं रत्नागिरीला परत येत होतो. आंबा घाटाच्या उतारावर एका डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू सरकली. वेग चाळीसच्या आत. पुढची चाकं मी वळवीन तिकडे गेली, मागची आपल्या मर्जीने निघाली. कठडा हातभर राहिला असेल. साखरपा कधी मागे पडलं ते मला आठवत नाही. पुढे तुमची पत्र्याची शेड आणि टायरची रांग दिसली. गाडी आत घातली ती खरं तर पाय थरथरत होते म्हणून.

तुम्ही आधी चहा सांगितलात. मग गाडीभोवती एक फेरी मारून विचारलंत, "पुढचे नवे आणि मागचे टकले, हा उलटा धंदा कोणी केला?"

आता ते सांगायलाच हवं. माझी गाडी छोटी, पण जरा तापट इंजिनाची. पन्नाशी उलटली तरी मला घाट चालवायला आवडतो, आणि टायर चिकटणारे हवेत हा माझा हट्ट. म्हणून आधी मऊ रबराचे स्पोर्टी टायर घेतले. वळणावर डिंकासारखे बसायचे. वीस हजार किलोमीटरांच्या आतच पुढचे दोन संपले. मग शहरातल्या एका चकाचक दुकानात गेले. एसी, सोफा, कोल्ड्रिंक. सगळं बोलणं मात्र माझ्या नवऱ्याशी, ज्यांच्याकडे गाडीचं लायसन्ससुद्धा नाही! "सर, हे घ्या, झिजणारच नाहीत." मी पावसाचं विचारलं तर उत्तरही त्यांनाच मिळालं. दोन टायर पुढे चढले, मागचे अर्धे झिजलेले तसेच राहिले आणि मी बिल भरून बाहेर पडले. त्याला वर्ष झालं.

तुमच्याकडे मात्र वेगळं घडलं. पुढच्या टायरच्या बाजूवर लाल चिखलाचा थर होता. तुम्ही खांद्यावरच्या पंच्याने तो पुसलात आणि टॉर्च काढलीत. सवयीने ह्यांनी हात पुढे केला. तुम्ही विचारलंत, "गाडी कोण चालवतं?" आणि टॉर्च माझ्या हातात दिलीत. मला जवळचं दिसत नाही, चष्मा आईच्या देव्हाऱ्यापाशी राहिला होता. तसं म्हटल्यावर तुम्ही स्वतःचा चष्मा काढलात. एका काडीला तांब्याची तार, मागे सुतळी. काचा सदऱ्याच्या टोकाला पुसून माझ्याकडे दिलात. "घ्या बाय, तुम्हीच वाचा. मी वाचून दाखवलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल. आकड्यावर ठेवा."

मी वाचलं. २११९. म्हणजे टायर बनला तो २०१९ सालच्या एकविसाव्या आठवड्यात. गेल्या वर्षी मला 'नवे कोरे' म्हणून दिलेले टायर तेव्हाच काही वर्षं गोदामात कडक होत पडलेले होते. मुळातच कडक रबर, त्यात शिळं.

मी वाचत होते तेव्हा तुम्ही चष्म्याविना मागच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून बसला होतात. "दोनला टेकलाय." खाचेच्या तळाशी जो उंचवटा असतो तो १.६ मिलिमीटरचा, नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही संपला. नंतर मी गेज आणून मोजलं. दोनच भरलं, काका!

पुढचं सगळं त्या अर्ध्या तासात शिकले. पुढचं सरकलं तर पाय उचलला की गाडी ऐकते, मागचं सरकलं की गाडी आपल्याला ऐकवते. म्हणून दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे. टायरच्या बाजूवरचा ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा मोठा तर टायर टिकाऊ, पण तो कंपनीच लावते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला ठीक, दुसरीशी नाही. शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचं असतं, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे आधी ते बघायचं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून वर जाणाऱ्या मासळीच्या गाड्या घाटभर पाणी गाळत जातात, ते वेगळंच.

"गाडी पळवायचीय की वळवायचीय?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, दोन्ही. हसलात. "मग मधला घ्या. सुक्यात थोडा कमी चिकटेल, पावसात पाणी बाहेर फेकेल. किती चालेल ते विचारू नका, ते तुमच्या उजव्या पायावर." तो तुमच्याकडे नव्हता. दुसरा, महागडा, माझ्याच मापाचा १९५/५५ आर १६ समोर टांगलेला होता. मी त्या घाबरलेल्या अवस्थेत तोही घेतला असता, आणि तुम्हाला ते दिसत होतं. तुम्ही कोल्हापूरहून मागवतो म्हणालात, हवा भरून दिलीत, हळू जा म्हणालात. त्या दिवशी माझ्याकडून हवेचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

चारही टायर बसून आता दोन महिने झाले. घाट सात वेळा चढले-उतरले. त्या डाव्या वळणावर अजून छातीत धस्स होतं, पण गाडी रुळावर असल्यासारखी जाते. चांगली माणसं कमी झालीत असं आम्ही घरी चहा पिता पिता सहज म्हणून टाकतो. ती कुठेतरी महामार्गाच्या कडेला वाकून दुसऱ्याच्या चाकाचा चिखल पुसत असतात, सोफ्यावरून दिसत नाहीत एवढंच.

येत्या रविवारी येतेय. हवा बघायचं निमित्त. चष्म्याला नायलॉनची काळी दोरी आणलीय, ती सुतळी पावसात कुजलीच असेल. आणि चहा ह्या वेळी मी सांगणार.

तुमची,
लाल चिखलातल्या छोट्या गाडीवाली