बी विंगमधल्या काकूंना, सीडी प्लेअरबद्दल मनापासून थँक्यू

काकू,

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता आणि चहा टाकता, म्हणून हे पत्र असं सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव घालत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार लोकांना कळायलाच पाहिजे, कारण माझ्यासारखे कितीतरी जण जुना ॲम्प (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि स्पीकर घरात ठेवून "आता याला कुठला सीडी प्लेअर शोभेल" या प्रश्नात अडकलेले असतात आणि त्यांना तुमच्यासारखं माणूस भेटत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्याकडे नॅड कंपनीचा ३०२० ॲम्प आहे, बाबांनी मस्कतहून आणलेला, चॅनेलला वीस वॅटचा तो साधासा राखाडी-काळा डबा, आणि त्याला वॉर्फडेलचे छोटे डायमंड स्पीकर. आईच्या सीड्या भरपूर. त्यातल्या बाजारातल्या सीड्यांचं एक वेळ ठीक आहे, पण आईच्या गुरूंच्या क्लासची जी रेकॉर्डिंग्ज आहेत, बंदिशी सांगताना, मधेच थांबून "हा निषाद असा नाही" म्हणताना, ती सगळी कॅसेटवरून कोणीतरी सीडीआरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर भरता येणाऱ्या कोऱ्या सीडीवर, उतरवून दिलेली, ती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यामुळे "आता कोण सीडी ऐकतं, ॲपवर सगळं मिळतं" असं मला जे जे म्हणाले त्यांना काय उत्तर द्यायचं हेच कळायचं नाही. आणि आमचा जुना प्लेअर आधी सीडीआर घेईनासा झाला, मग विकतच्या सीड्यांवरही अडकायला लागला, मग एक दिवस ट्रे बाहेर येऊन तसाच राहिला.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझा प्रश्न असा होता की नॅडचा आवाज मऊ, वॉर्फडेलचाही मऊ, म्हणून जरा ब्राइट, म्हणजे वरचे सूर उठून दाखवणारा प्लेअर घ्यावा असं सगळे म्हणतायत, तर कुठला घेऊ? तुम्ही आकाशवाणीत इतकी वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलीत, तुम्ही फटकन एखादं मॉडेल सांगाल असं मला वाटलेलं. तुम्ही मॉडेल नाही सांगितलं, आधी विचारलंत, "सीडीआर किती आहेत? त्या कॉपी केल्यास का?"

काकू, या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. छापील सीडीत माहिती खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते, सीडीआरमध्ये मात्र ती डायच्या (रंगाच्या) थरात जाळलेली असते, तो डाय उन्हाने आणि वयाने उतरतो, शिवाय सीडीआर छापील सीडीपेक्षा प्रकाश कमी परत पाठवते, म्हणून लेझर म्हातारा झाला की सगळ्यात आधी तोंड फिरवतो ते सीडीआरकडूनच, हे तुम्ही मला आणि आईला शेजारी बसवून समजावलंत. आणि प्लेअरचं नंतर बघू म्हणून तुमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर एकेक सीडीआर उतरवायला घेतलीत, दोनदा वाचून ताडून बघत. दोन-तीन सीडीआरच्या शेवटच्या ट्रॅकला ड्राइव्ह अडखळायला लागला होता. सीडी आतून बाहेर वाचली जाते त्यामुळे शेवटचा ट्रॅक म्हणजे बाहेरची कड, आणि बोटं लागतात ती तिथेच, हेही मला तेव्हा कळलं. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसून (गोल गोल नाही!) तुम्ही त्याही वाचवल्यात. आता ते सगळं दोन हार्ड डिस्कवर आहे. प्लेअर मिळाला नसता तरी चाललं असतं इतकं मोठं काम ते होतं.

मग प्लेअर. कोणीतरी जुना जपानी प्लेअर सेकंडहँड देत होतं, दिसायला देखणा, वजनाला दगड, माझा जीव अडकला होता त्याच्यात. तुम्ही तो उलटा करून मागची पट्टी वाचलीत आणि म्हणालात हा १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला तर तिथेच संपला, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवलास तरी याच्या लेझरचा ओरिजनल पार्ट आता मिळायचा नाही, मिळतात त्या कॉप्या. एवढं पुरलं मला. जुन्या प्लेअरमध्ये ट्रेचा रबर बेल्ट कडक होतो तो शंभर-दोनशे रुपयांचा मामला, पण लेझर गेला की पार्ट मिळतो का हाच प्रश्न, आणि म्हणून आपल्याला आत्ता बनत असलेला, सर्व्हिस होणारा प्लेअर हवा, असं तुम्ही ठरवूनच टाकलंत.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहितेय ते. एका दुकानात मला दोन प्लेअर ऐकवले होते, महागडा लावल्यावर खरंच आवाज खुलल्यासारखा वाटला, मी ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात "लेव्हल सारखी केली होती का?" मला प्रश्नच कळला नाही. तुम्ही घरी आलात, तुमचा एक प्लेअर आणि तुमच्या भाच्याचा एक असे दोन आणलेत, आणि १ किलोहर्ट्झचा टोन भरलेली सीडी. टोन चालू, मल्टिमीटर एसी व्होल्टवर, प्रोबा स्पीकरच्या टर्मिनलला. ॲम्पच्या आवाजाच्या नॉबला हात न लावता एका प्लेअरवर १.०० व्होल्ट, दुसऱ्यावर १.१५. म्हणजे सव्वा डेसिबलच्या आसपास फरक, आणि हा फरक कानाला "जास्त मोठा" असा वाटतच नाही, "जास्त चांगला" असा वाटतो, हे तुम्ही म्हणालात आणि मी दुकानातल्या त्या खुललेल्या आवाजाचा विचार करत गप्प बसले. मीटर स्वस्तातला असला तरी चालतो असंही म्हणालात, आकडा थोडा चुकेल पण आपल्याला फक्त फरक बघायचाय.

मग नॉबच्या कडेला चिकटपट्टीवर दोन खुणा केल्यात, एका प्लेअरची एक, दुसऱ्याची एक, आणि आईला पाठमोरी बसवलंत. माझी आई, जिला स्वर केसभर उतरला तरी कळतो, तिला एकच विलंबित ख्याल दोन्ही प्लेअरवर आलटून पालटून ऐकवलात आणि तिला खात्रीने एकदाही सांगता आलं नाही कुठला चालू आहे. पण तिने एक वेगळीच गोष्ट सांगितली, "तानपुरा सगळीकडून येतो पण गाणारी कुठे बसलीये ते समजत नाही." तुम्ही लगेच उठून स्पीकरच्या मागे बघितलंत. रंगकामाच्या वेळी ज्याने कोणी वायरी परत जोडल्या त्याने एका स्पीकरचं लाल-काळं उलटं केलेलं! एक स्पीकर ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, खर्ज आपसात कटतोय. वायर सरळ केली आणि तबल्याचा डग्गा परत आला, गाणारी बरोबर मधे येऊन बसली. इतके महिने आम्ही याचा दोष प्लेअरला देत होतो. खरं सांगते, कुठलाही महागडा प्लेअर हे करू शकला नसता.

काही लोकांना हे पटणार नाही, प्लेअर प्लेअरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांनी खुशाल म्हणावं. मी माझ्या आईच्या कानावर विश्वास ठेवते.

आणि तरीही मॅचिंग नावाची गोष्ट असते, ती फक्त मऊ-ब्राइटची नसते, हे तुम्ही दाखवलंत. आमच्या ॲम्पच्या मागे इनपुटना फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठी), ट्यूनर (रेडिओसाठी), ऑक्स (इतर कशासाठीही), टेप एवढंच लिहिलंय, सीडी असं कुठेच नाही, कारण ३०२० आला १९७८ ला आणि सीडी बाजारात आली १९८२ ला. त्या काळचे ट्यूनर आणि डेक जेवढा सिग्नल द्यायचे त्याप्रमाणे ऑक्सला साधारण १५० मिलिव्होल्ट मिळाले की ॲम्प फुल पॉवरला जातो. सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट! म्हणजे तेरापट. म्हणून आमच्याकडे नॉब जरा हलवला की आवाज अंगावर यायचा, आणि रात्री हळू ऐकायचं म्हणजे नॉब अगदी सुरुवातीच्या टोकाला, जिथे जुन्या नॉबचे डावे-उजवे चॅनेल सारखे चालत नाहीत, त्यामुळे गाणं एका बाजूला कललेलं. आम्हाला वाटायचं ॲम्प म्हातारा झाला. तुम्ही पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चार रेझिस्टर आणि चार सॉकेट आणलेत, एका छोट्या डबीत सोल्डर करून दिलेत, आणि सिग्नल सुमारे १० डेसिबल खाली आला. आता नॉब आरामात नऊ-दहाच्या काट्यावर असतो, हळू आवाजातही दोन्ही बाजू सारख्या. पुढचे ते वॅट दाखवणारे छोटे लाइट असतात ना, आईच्या ऐकण्यात त्यातला पहिला नाहीतर दुसरा लागतो, त्यापुढे जातच नाही, म्हणजे वीस वॅट कमी पडतात का ही माझी काळजीही मिटली.

शेवटी प्लेअर कसा निवडला तर कानाने नाही, वापराने. डेनॉन, मराण्ट्झ, नॅड, यामाहा, सगळ्यांचे सुरुवातीच्या किंमतीतले प्लेअर २ व्होल्टच्या आसपासच देतात आणि ॲम्पला सगळे चालले असते. तुम्ही तुमच्या यादीप्रमाणे बघितलंत. आईच्या अडखळणाऱ्या सीडीआर घेतो का. सत्तर मिनिटांच्या वरच्या सीडीचा शेवटचा ट्रॅक लगेच उचलतो का. विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो तिथे आवाज तुटतो का, कारण तिथे तानपुरा चालूच असतो आणि तो क्षणभर जरी तुटला तरी जीव जातो (घरातल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर तो तुटायचा, आणि वर ट्रॅक बघायला टीव्ही लावायला लागायचा). आईला चष्म्याशिवाय आकडे दिसतात का. पुण्यात रिपेअर होतो का. यातून यामाहाचा सीडी-एस३०३ आला, आणि मी ज्याच्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते त्याच्यापेक्षा तो पुष्कळच स्वस्त पडला. उरलेल्यातून तुमच्या सांगण्यावरून स्पीकरला नीट स्टँड घेतले, ट्वीटर (वरचे सूर देणारे छोटे स्पीकर) कानाच्या उंचीवर आले, भिंतीपासून पुढे ओढले. त्याने जो फरक पडला तो ऐकायला पाठमोरं बसायची गरज नव्हती.

आई आता दुपारी क्लासच्या सीड्या लावून वही घेऊन बसते. काही बंदिशींचे शब्द तिने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट उतरवून घेतले, आधी आवाज अर्धवट यायचा म्हणून तिथे वहीत रिकाम्या जागा होत्या. तिने तुम्हाला फोनवर हे सांगितलंय तरी मला परत सांगावंसं वाटतं. ती वही ती तुम्हाला दाखवायला ठेवून आहे, मुलाकडून परत आलात की या.

तुमची परवानगी विचारली होती, तुम्ही हो म्हणालात, म्हणून त्या डबीचं इथे देतेय, कोणाच्या जुन्या ॲम्पला सीडीने असाच त्रास होत असेल तर: प्रत्येक चॅनेलला प्लेअरकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरीत ६.८ किलोओहम, त्यानंतर ॲम्पच्या बाजूला सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ३.३ किलोओहम. डबी ॲम्पच्या जवळ ठेवायची, तिथून पुढची केबल आखूड. आणि फोनोला सीडी प्लेअर चुकूनही लावू नका, ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या दोन-चार मिलिव्होल्टसाठी असतं.

तुमची,
सी विंग, तिसरा मजला (आणि आईचा नमस्कार)