आठव्या वाढदिवसाला बंद होणारं दार : आयर्लंडच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, २०२० साली आपल्या संसदेने एक कायदा केला. बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची तपासणी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, मोफत होईल असं त्यात ठरलं. आधी सहा-सात वर्षांची मुलं, मग आठ-नऊ, मग दहा-अकरा. यातला पहिलाच टप्पा यायला ऑगस्ट २०२३ उजाडला. पुढचे दोन अजून आलेले नाहीत. आज मूल आठ वर्षांचं झालं की त्याचं मोफत तपासणीचं जीपी व्हिजिट कार्ड संपतं.

कार्डासोबत काय काय जातं ते आपल्या कचेरीला माहीत असेलच, तरी लिहितो. एका तपासणीला पन्नास ते सत्तर युरो पडू लागतात, हे तर झालंच. पण त्याहून मोठं नुकसान दुसरं आहे. कार्ड असलेल्या मुलाला तीन जीपींनी ‘आमची यादी भरली’ म्हणून परत पाठवलं, तर एचएसई, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा चालवणारी संस्था, त्याला एक जीपी नेमून देते. कार्ड नसलेल्याला कोणी नेमून देत नाही. नोकरीसाठी कॉर्क सोडून स्लायगोला गेलेल्या कुटुंबाने फोन करत बसायचं. रात्री मुलाला ताप चढला की इमर्जन्सी विभाग गाठायचा, आणि तिथे जीपीची चिठ्ठी नसेल तर १०० युरो भरायचे. चिठ्ठी असेल तर काही नाही. म्हणजे ज्याला जीपीच मिळत नाही, दंड त्यालाच. दम्याचंही तसंच. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून नोंद करून दम्याच्या मुलांची ठरावीक तपासणी होते, ती आठव्या वर्षी थांबते. मुलाचा दमा काही त्या दिवशी थांबत नाही.

‘उत्पन्न कमी असेल तर अर्ज करा’ हे उत्तर आम्हाला पाठ आहे. पगाराच्या पावत्या, भाडेकरार, पाळणाघराचा खर्च, कामावर जाण्यायेण्याचा खर्च, सगळं जोडायचं आणि थोडक्यासाठी मर्यादेबाहेर पडायचं. आपल्याच रुग्णालयांत रात्रपाळ्या करणाऱ्या नर्सची घरं नेमकी इथेच अडकतात. आणि हीच उत्पन्नाची अट मान्य करायला नकार दिला म्हणून १९५१ साली आपल्याच खुर्चीवरच्या माणसाचं मंत्रिपद गेलं होतं.

डॉ. नोएल ब्राउन. आई-वडील क्षयाने गेले, भावंडं गेली, स्वतःलाही क्षय झाला. १९४८ साली क्लान ना पोब्लाख्टा या नव्या पक्षातर्फे निवडून आले आणि संसदेतल्या पहिल्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले. वय ३२. स्वीपस्टेकच्या सोडतीतून रुग्णालयांसाठी साठलेला निधी होता, त्याच्या नुसत्या व्याजावर न थांबता त्यांनी मुद्दलालाही हात घातला आणि क्षयरुग्णांसाठी सुमारे दोन हजार खाटा उभ्या केल्या. क्षय हटला तो एकट्या त्यांच्यामुळे नव्हे. स्ट्रेप्टोमायसीन त्याच सुमारास आलं होतं आणि १९४७चा आरोग्य कायदा आधीच्या सरकारचा होता. पण खाट नसेल तर औषध द्यायचं कुठे?

मग त्यांनी माता-बालक योजना मांडली. प्रत्येक आईला आणि सोळा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरांच्या संघटनेला फी बुडण्याची भीती. कॅथलिक चर्चचे डब्लिनमधले आर्चबिशप मॅक्वेड आणि बिशपमंडळींचं म्हणणं असं, की मुलांचं आरोग्य हा कुटुंबाचा अधिकार आहे, सरकारचा नव्हे. मंत्रिमंडळाने माघार घेतली. ज्यांच्या पक्षातून ब्राउन आले त्या शॉन मॅकब्राइड यांनीच राजीनामा मागितला. ११ एप्रिल १९५१ला ब्राउन यांनी तो दिला आणि सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्राच्या हाती ठेवला.

यानंतरच्या त्यांच्या प्रवासावरून ‘पक्ष बदलणारा’ हा शिक्का त्यांच्यावर बसला. अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. १९५३ला फियाना फॉलमध्ये गेले, १९५४ला हरले, १९५७ला त्या पक्षाने उमेदवारी नाकारली तेव्हा अपक्ष उभे राहून जिंकले. १९५८ला जॅक मॅक्विलन यांच्यासोबत नॅशनल प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स काढला आणि पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या हातातल्या आयरिश प्रेस वृत्तपत्राच्या मालकीचा प्रश्न सभागृहात आणला. १९६३ला लेबर पक्ष. पुढे त्यांच्याशीही बिनसलं, मग सोशालिस्ट लेबर पार्टी. १९८१ची शेवटची निवडणूक तिच्याच नावावर जिंकली. पाच पक्ष झाले. माणूस हट्टी होता, सहकाऱ्यांशी जमवून घेणं त्यांना कधी साधलं नाही, आणि त्यापायी त्यांच्या कामाचंही नुकसान झालं असं आमचं मत आहे. पण पक्ष सोडून त्यांना ना खुर्ची मिळाली, ना खातं. १९५१नंतर ते पुन्हा कधीही मंत्री झाले नाहीत. महाराष्ट्रात पक्षांतर म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं ते आम्ही जाणतो. म्हणूनच हा हिशेब आम्हाला इतका लागतो.

आणि तुम्ही? फियाना फॉल काय, फिने गेल काय, पक्ष न बदलता आलटून पालटून आणि आता एकत्र सत्तेत आहात, आणि मुलांचं वय मात्र दर सरकारात बदलतं. ब्राउन यांची योजना गुंडाळल्यावर १९५३च्या कायद्यात बाळाचे मोफत उपचार सहा आठवड्यांवर आणले गेले. आजची मातृत्व योजनाही सहाव्या आठवड्याच्या तपासणीशीच संपते. बाळाला त्यापुढे कार्ड आहे, आईला नाही. प्रसूतीनंतरचं नैराश्य कितीदा त्यानंतर लक्षात येतं; माहेर सात हजार किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या बाईला ते बोलून दाखवायलाच महिने लागतात. तेव्हा तिने डॉक्टरकडे जायचं ते पैसे मोजून.

जुलै २०१५ला सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना मोफत जीपी मिळाला तेव्हा आरोग्यमंत्री लिओ वराडकर होते. ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्यांच्या कारकिर्दीत हे झालं याचं आम्हाला अप्रूप होतं. सहाचं आठ व्हायला त्यानंतर आठ वर्षं गेली. या चालीने सोळा कधी होणार?

पैसा नाही म्हणू नका. डॉक्टर कमी आहेत हे खरं, पण मग जीपींशी करार करताना आठ-नऊ वर्षांच्या मुलांची बोलणी आधी घ्या, बाहेरदेशी शिकलेल्या डॉक्टरांना जीपीच्या प्रशिक्षणात जागा वाढवा. आणि ज्याला एका पैचाही खर्च नाही ते आजच करा : तीन नकारांनंतर जीपी नेमून देण्याचा नियम कार्ड नसलेल्या मुलांनाही लावा. त्याखेरीज दम्याची नोंद आठव्या वर्षी तोडू नका. आईचे उपचार निदान वर्षभर चालू ठेवा.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांची कार्डं कोणत्या तारखेपासून निघतील, ती तारीख आम्हाला लेखी हवी आहे. ‘टप्प्याटप्प्याने’ असं उत्तर पाठवू नये.

आपले,
आयर्लंडमधले मराठी पालक